साहेबाची मर्जी आणि नोकराची दाद



गावच्या पारावर दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात, आणि पुष्कळदा त्या एकाच माणसाच्या तोंडून, एकाच बैठकीत ऐकू येतात. पहिली अशी : "अहो, सरकारी नोकर तो! कामावर आला काय अन् न आला काय, पगार चालूच. त्याला काढणार कोण?" आणि घटकाभराने तोच गृहस्थ म्हणतो, "मास्तर फार चांगले होते हो. पोरं जरा वाचायला लागली होती. कुणाच्या डोळ्यांत सलले कोण जाणे, ऐन दिवाळीनंतर त्यांची उचलबांगडी झाली."

पहिल्या तक्रारीचा अर्थ असा, की वरिष्ठाच्या हातात पुरेसा अधिकार नाही. दुसरीचा अर्थ असा, की त्याच्या हातात वाजवीपेक्षा जास्त अधिकार आहे. दोन्ही एकदम खऱ्या कशा असतील? पण त्या खऱ्या आहेत. त्या तशा का आहेत आणि कायद्याने त्यावर काय तोड काढली आहे, ते आज आपण पाहू. विषय कचेरीतला वाटला तरी तो तुमच्या सातबाऱ्याच्या उताऱ्याशी आणि मुलांच्या शाळेशी बांधलेला आहे.

आपल्या मुलखाने या प्रश्नाची दोन्ही टोके पाहिली आहेत. एक टोक म्हणजे वतन. पाटीलकी, कुलकर्ण ही वतने बापाकडून मुलाकडे जात. कुलकर्णी हुशार असो वा नसो, सचोटीचा असो वा नसो, दप्तर त्याच्याच घरी रुमालात बांधलेले. हिशेब विचारायचा तर त्याच्याच ओसरीवर जाऊन उभे राहायचे. बदलीचे नाव नाही, आणि त्याला हलवणे सहजासहजी कोणाला जमत नसे. इंग्रजी अमदानीत १८७४ साली मुंबई इलाख्याने वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदाच केला. पुढे स्वराज्यात मुंबई राज्याने १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द केली, आणि महाराष्ट्राने १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचा हुद्दा संपवला. त्या जागी पगारी, परीक्षा देऊन आलेला, बदलीला पात्र असा तलाठी आला. (कागदोपत्री आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गाव त्याला तलाठीच म्हणते.) म्हणजे नोकराला संपूर्ण संरक्षण दिले तर काय होते, ते आपल्याला पुस्तकातून शिकायला नको.

दुसरे टोक म्हणजे मर्जी. इंग्रजांच्या कायद्यात जुना सिद्धान्त होता, की राजाचा नोकर हा राजाची मर्जी असेपर्यंतच नोकर. आज आहे, उद्या नाही. कारण सांगायचे बंधन नाही. हिंदुस्थानसाठी १९१९ साली जो कायदा झाला त्यात ही मर्जी लिहून ठेवली होती, पण तिला एक वेसण घातली : ज्या अधिकाऱ्याने नेमले त्याच्याहून खालच्या अधिकाऱ्याने नोकराला बडतर्फ करू नये. १९३५ च्या कायद्याने दुसरी वेसण घातली : बडतर्फ करण्यापूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी.

आपल्या राज्यघटनेने यातले काहीच टाकून दिले नाही. कलम ३१० मध्ये मर्जी तशीच आहे. केंद्राचा नोकर राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत आणि राज्याचा नोकर राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर राहतो. आणि लगेच पुढच्या ३११ व्या कलमात त्या दोन्ही वेसणी आहेत. नेमणूक करणाऱ्याहून खालच्या अधिकाऱ्याने बडतर्फ करायचे नाही किंवा काढून टाकायचे नाही. आणि दोषारोप कळवून, चौकशी करून, म्हणणे ऐकून घेतल्यावाचून बडतर्फी, काढून टाकणे किंवा पदावनती यांपैकी काहीही करायचे नाही.

हे दोन शब्द लोक एकच समजतात, म्हणून जाता जाता सांगतो. 'काढून टाकणे' यात नोकरी जाते, पण पुढे दुसरी सरकारी नोकरी मिळण्याची वाट बंद होत नाही. 'बडतर्फी' झाली की ती वाटही सामान्यतः बंद होते.

आता कोणी म्हणेल, एवढे लाड कशासाठी? खाजगी दुकानदार आपल्या गड्याला उद्यापासून येऊ नको म्हणतो, मग सरकारने का म्हणू नये? याचे उत्तर मी तलाठ्याच्या टेबलावरून देतो. समजा, गावातल्या एका बड्या असामीला विधवेच्या जमिनीवर आपले नाव लावून घ्यायचे आहे. फेरफाराची नोंद तलाठ्याने करायची, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायची. तलाठी म्हणतो, कागद नाहीत, नोंद होणार नाही. त्या असामीचे वजन वरपर्यंत आहे. तलाठ्याची भाकरी जर कोणाच्या एका शब्दावर अवलंबून असेल, तर त्याने 'नाही' कोणत्या बळावर म्हणायचे? पटावर खोटी नावे चढवायला नकार देणाऱ्या मुख्याध्यापकाचे तेच. कलम ३११ चे संरक्षण नोकराला दिलेले दिसते, पण त्या विधवेचा सातबारा त्याच्या आडोशाला असतो.

१९४९ च्या ऑक्टोबरात घटना समितीत सनदी अधिकाऱ्यांना हमी द्यावी की नाही यावर जोराचा वाद झाला. परकीय सरकारच्या या नोकरांना संरक्षण कशाला, असे म्हणणारे पुष्कळ होते. सरदार पटेलांनी त्यांना ठणकावून सांगितले, की ज्या अधिकाऱ्याला आपले मत मंत्र्यापुढे निर्भयपणे मांडता येत नाही, त्याच्या जोरावर देश एकसंध राहणार नाही. तो वाद वरच्या अधिकाऱ्यांपुरता होता. पण विचार तोच, आणि माझ्या मते तो खालच्या नोकराला अधिक लागू आहे. कारण कलेक्टरपेक्षा तलाठ्यावर दडपण आणणे फार सोपे.

बरे, मग नालायक नोकराचे काय? त्याला काढता येतच नाही का?

येते. त्याची वाट ठरलेली आहे आणि ती फारशी अवघड नाही. राज्य सरकारच्या नोकरांना १९७९ चे शिस्त व अपील नियम लागू आहेत. जिल्हा परिषदेच्या सेवकांसाठी, म्हणजे तुमचे प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक यांच्यासाठी, १९६४ चे वेगळे नियम आहेत. नावे वेगळी, रीत बहुतेक सारखी. ठपका देणे, वेतनवाढ रोखणे, नुकसान पगारातून वसूल करणे या किरकोळ शिक्षा. त्यांच्यासाठी नोटीस द्यायची, खुलासा घ्यायचा, विचार करून आदेश काढायचा. पुरी चौकशी दरवेळी लागत नाही. मोठ्या शिक्षेसाठी मात्र दोषारोपपत्र द्यावे लागते. त्यात काय केले, केव्हा केले, कोणत्या कागदावरून ते दिसते आणि साक्षीदार कोण, हे सारे असते. मग चौकशी अधिकारी नेमायचा. सरकारची बाजू सादरकर्ता अधिकारी मांडतो, नोकराला आपला बचाव सहायक घेता येतो. साक्षी होतात, उलटतपासणी होते, अहवाल होतो. तो अहवाल नोकराच्या हाती दिल्याशिवाय शिक्षा ठरवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी १९९३ साली सांगितले. पूर्वी शिक्षा ठरल्यावर तिच्याबद्दलही पुन्हा एकदा म्हणणे ऐकावे लागे. ती दुसरी फेरी १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली. म्हणजे वरिष्ठाचा हात घटनेने आणखी बांधला असे नाही, उलट एक गाठ सोडलीच.

इतके असूनही चौकश्या फसतात, आणि फसतात त्या कायद्यामुळे क्वचितच. मी स्वतः काही चौकश्यांत बचाव सहायक म्हणून बसलो आहे, त्यातली एक सांगतो. एका कचेरीतला भांडारपाल. त्याच्या ताब्यातला माल कमी भरतो हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. साहेब नवे, कडक. त्यांनी तडकाफडकी निलंबन केले आणि दोषारोपपत्र दिले. त्यात वाक्य होते : आपण कामात वारंवार हलगर्जीपणा केला असून आपली वर्तणूक असमाधानकारक आहे. बस्स. वारंवार म्हणजे केव्हा? तारीख नाही. कोणता माल? नोंद नाही. साठा मोजला तेव्हाचा पंचनामा? केलाच नव्हता. साक्षीला आले तेच साहेब, ज्यांनी आरोप लिहिला होता. मी तीन प्रश्न विचारले आणि आरोप कोसळला. भांडारपाल परत कामावर आला, मधल्या काळाच्या पगाराच्या फरकासह. त्या दिवशी मला जिंकल्याचा आनंद झाला नाही. बाहेर येऊन लोक म्हणाले, "बघा, सरकारी नोकराला कोणी हात लावू शकत नाही." खरे तर साहेबांनी एक दिवस बसून साठा मोजला असता, तर त्याची नोकरी त्याच चौकशीत गेली असती.

हेच मागे जाऊन पाहिले तर मूळ आणखी खोल दिसते. दरवर्षी वरिष्ठाने हाताखालच्या माणसाचा गोपनीय अहवाल लिहायचा असतो. पूर्वी त्यातला फक्त प्रतिकूल शेरा नोकराला कळवीत. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त यांच्या प्रकरणात सांगितले, की शेरा कसाही असो, तो कळवलाच पाहिजे. म्हणजे लपून लिहिण्याची सोय गेली. परिणाम काय झाला? काही साहेब खरे लिहू लागले; पुष्कळांनी वाद नको म्हणून सगळ्यांना 'चांगला' असा शेरा देणे पत्करले. आणि मग दहा वर्षे 'चांगला' असलेला माणूस अकराव्या वर्षी एकाएकी नालायक कसा झाला, असे न्यायाधिकरणाने विचारले की उत्तर सापडत नाही. वयाची ५० किंवा ५५ वर्षे झाल्यावर वर्गवारीप्रमाणे कामाचा आढावा घेऊन, नोटीस देऊन, निवृत्तिवेतनासह घरी पाठवण्याचा अधिकारही सरकारला आहे. ती शिक्षा समजली जात नाही, म्हणून तिला ३११ ची चौकशी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली हे स्पष्ट केले. पण तो आढावा घ्यायचा तो याच अहवालांवरून. ज्याने खरे लिहिलेच नाही, त्याने अधिकार नाही म्हणून रडू नये.

आता अपवादाकडे येऊ. चौकशीवाचून काढता येते असे तीन प्रसंग घटनेनेच सांगितले आहेत. फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली तर. चौकशी घेणे व्यवहारात शक्य नाही असे अधिकाऱ्याला वाटले तर. आणि राज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असला तर. पहिला सरळ आहे. तिसरा क्वचित वापरला जातो. खरा कसाचा तो दुसरा. साक्षीदारांना धमक्या दिल्या जाताहेत, कचेरीत दंगा चालला आहे, अशा वेळी अधिकाऱ्याने काय करावे? १९८५ साली तुलसीराम पटेल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार वैध ठरवला, पण चौकशी का शक्य नाही ते कारण अधिकाऱ्याने लेखी नोंदवलेच पाहिजे, आणि ते कारण पोकळ निघाले तर न्यायालय त्यात पाहू शकेल, असेही म्हटले.

हे 'लेखी कारण' पुढे पुन्हा भेटणार आहे, म्हणून ध्यानात ठेवा.

बडतर्फी हजारात एखाद्याच्या वाट्याला येते. रोजच्या व्यवहारात साहेबाच्या हातची खरी हत्यारे दोन : निलंबन आणि बदली. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही शिक्षा नव्हेत. गावाच्या दृष्टीने दोन्ही शिक्षाच आहेत, आणि ज्याच्यावर येतात त्याच्या बायकोला विचारा, तीही हेच म्हणेल.

निलंबन म्हणजे चौकशी होईपर्यंत कामापासून दूर ठेवणे. अट्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त अटकेत राहिलेला नोकर आपोआप निलंबित मानला जातो. या काळात निर्वाह भत्ता मिळतो, तो आरंभी साधारण अर्ध्या पगाराइतका. तीन महिन्यांनंतर दिरंगाई नोकराची नसेल तर तो वाढवता येतो, त्याचीच असेल तर कमीही करता येतो. आता पाहा, साहेबाने रागाच्या भरात निलंबन केले आणि दोषारोपपत्र द्यायला दोन वर्षे लावली, तर नुकसान कोणाचे? नोकर अर्ध्या पगारावर घरी. सरकार काम न घेता पैसे मोजते. आणि गावाची कामे दुसऱ्या गावच्या माणसाकडे 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून, म्हणजे आठवड्यातून एक दिवस! २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अजय कुमार चौधरी यांच्या प्रकरणात म्हटले, की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवू नये, आणि दिले असेल तर पुढे का वाढवायचे त्याचा कारणांसह आदेश काढावा. पुन्हा कारण.

आता बदलीकडे. हिच्यात घोळ फार, म्हणून थोडे थांबून पाहू.

बदली हा नोकरीचाच एक भाग आहे, असे न्यायालये नेहमी मानत आली आहेत. १९९० साली सर्वोच्च न्यायालयापुढे शिल्पी बोस यांचे प्रकरण आले. त्यात बिहारमधल्या प्राथमिक शिक्षिका होत्या. त्यांच्या विनंतीवरून त्यांना पतीच्या गावाजवळ बदली मिळाली, त्यामुळे हलवल्या गेलेल्या शिक्षकांनी तक्रार केली. न्यायालयाने सांगितले, की एखाद्या सक्तीच्या नियमाचा भंग किंवा दुष्ट हेतू असल्याखेरीज बदलीत न्यायालयांनी हात घालू नये. नाहीतर कारभार चालणार नाही. हे म्हणणे रास्त आहे. कोणता माणूस कुठे हवा, हे न्यायाधीशाने ठरवायचे काम नव्हे.

पण मग दुष्ट हेतू सिद्ध कोण करणार? बदलीच्या आदेशात तर 'प्रशासकीय कारणास्तव' एवढेच दोन शब्द असतात. त्या दोन शब्दांच्या पोटात काय काय मावते, ते शिक्षकांना मी सांगायला नको.

म्हणून महाराष्ट्राने २००५ चा बदल्यांचा कायदा केला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा त्यामागे मोठा रेटा होता. हा कायदा राज्य सरकारच्या नोकरांसाठी आहे. सामान्यतः एका पदावर तीन वर्षांचा कालावधी. सचिवालयाबाहेरच्या गट क च्या कर्मचाऱ्याला एका कचेरीत असे दोन कालावधी, म्हणजे सहा वर्षे. बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात. म्हणजे मुलांची शाळा मोडत नाही, पेरणीच्या तोंडावर तलाठी बदलत नाही. पण साहेबाचा हात अगदी बांधला का? नाही. मुदतीपूर्वी किंवा वर्षाच्या मध्येही बदली करता येते, मात्र कारणे लेखी नोंदवून आणि वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची आधी मान्यता घेऊन.

या कायद्याची खुबी मला येथे दिसते. त्याने साहेबाला 'करू नको' असे म्हटले नाही. 'कर, पण का करतोस ते आपल्या सहीने लिही आणि आणखी एकाला दाखव,' एवढेच म्हटले. ज्याच्याकडे खरे कारण आहे त्याला चार ओळी लिहायला काय लागते? ज्याचे कारण लिहिण्यासारखे नाही, त्याची मात्र लेखणी अडते. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण १९९१ पासून मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे चालते. तिथे मध्येच केलेल्या बदलीची फाईल मागवली जाते तेव्हा पहिल्यांदा हेच पाहतात : कारण लिहिले आहे का, आणि ते कारण आहे की नुसतेच 'प्रशासकीय' आहे? १९९७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून या न्यायाधिकरणावर उच्च न्यायालयात दाद मागता येते.

आणि गावकऱ्यांनो, याच कायद्याचा दुसरा अर्धा भाग तुमच्यासाठी आहे; त्याची चर्चा का कोण जाणे कमी होते. कोणतीही फाईल सामान्यतः सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त एका माणसाकडे पडून राहू नये. तातडीची शक्यतो चार दिवसांत, तत्काळ स्वरूपाची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निकालात निघावी. जाणूनबुजून दिरंगाई केली तर शिस्तभंगाची कारवाई. एकाच कायद्याने नोकराला बदलीपासून आडोसा दिला आणि त्याच हाताने घड्याळही दाखवले. पहिला भाग कर्मचारी संघटनांना पाठ आहे. दुसरा गावाने पाठ करायला हवा.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांची तऱ्हा वेगळी. तिथे वशिल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या, की २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने जिल्ह्यातल्या बदल्या संगणकावर टाकल्या. अवघड क्षेत्र आणि सर्वसाधारण क्षेत्र अशी शाळांची विभागणी, शिक्षकांचे संवर्ग, पती-पत्नी तीस किलोमीटरपेक्षा दूर असतील तर प्राधान्य, असे सगळे आकड्यांत. संगणकाला पाहुणे नाहीत, पक्ष नाही, त्याच्या घरी दिवाळीला फराळाची टोपली जात नाही. डोंगरातल्या शाळेत वर्षानुवर्षे अडकलेल्या शिक्षकांना यामुळे न्याय मिळाला, हे मान्य केले पाहिजे. पण संगणकाला हेही कळत नाही, की अमुक वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत तमुक बाईंनी कोरकू किंवा भिली बोलणाऱ्या मुलांची भाषा शिकून घेतली आहे आणि त्या गेल्या की पहिलीचा वर्ग पुन्हा मुका होणार. तेवढे समजायला माणूसच हवा. वाईट साहेबाच्या भीतीने आपण चांगल्या साहेबाचाही हात काढून घेतला. एखादा शिक्षक त्या जागी का राहावा, याचे कारण लेखी नोंदवून, ते शाळेच्या फलकावर लावून, थोड्या जागांपुरती मुभा गटशिक्षणाधिकाऱ्याला का देऊ नये, असे मला वाटते. शिक्षक मित्रांपैकी पुष्कळांना हे पटणार नाही. त्यांनी जुने दिवस पाहिले आहेत.

साहेबालाही साहेब असतो, आणि त्यालाही तोंडी हुकूम येतात. फोन येतो, "त्याला तिथून हलवा." कागद मात्र येत नाही. २०१३ साली काही निवृत्त अधिकाऱ्यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशावर काम करू नये. निकडीने करावे लागले तर तो आदेश नंतर लेखी नोंदवून घ्यावा. आणि बदल्या-नेमणुकांसाठी नागरी सेवा मंडळे असावीत, किमान कालावधी ठरावा. पहिले म्हणणे किती कचेऱ्यांत पाळले जाते, ते ज्याने त्याने आपल्या टेबलावर पाहावे.

एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे बरे नाही. गावात सरकार म्हणून जी माणसे तुम्हांला रोज भेटतात, त्यांतल्या कितीतरी जणांना यातले फारसे काही लागू नाही. अंगणवाडी सेविका नागरी पद धारण करीत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल आहे; मानधनावरच्या आशा कार्यकर्त्या आणि कंत्राटी कर्मचारी यांनाही ३११ च्या आडोशाला उभे राहता येत नाही. २००० साली सुरू झालेल्या शिक्षणसेवक योजनेत शिक्षकाची पहिली तीन वर्षे मानधनावरच जातात. कुपोषित बालकाचे वजन खरे लिहायचे की वरून सांगितले तसे, हा प्रश्न त्या सेविकेपुढे येतो तेव्हा तिच्या पाठीशी कोणते कलम आहे? तलाठ्याचे 'नाही' जितके मोलाचे, तितकेच तिचेही. इथे तराजूचे एक पारडे रिकामेच आहे, आणि दरवर्षी कंत्राटी जागा वाढत गेल्या तर ते अधिकच वर जाणार.

शेवटी खाजगी शाळांतील शिक्षकांसाठी चार शब्द, कारण त्यांची पत्रे या विषयावर सर्वांत जास्त येतात. तुम्हांला ३११ नाही, पण १९७७ चा खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा आणि त्याखालचे १९८१ चे नियम आहेत. मोठ्या शिक्षेपूर्वी तीन जणांची चौकशी समिती बसते : एक संस्थेचा, एक तुम्ही स्वतः निवडलेला कोणत्याही खाजगी शाळेतला कर्मचारी, आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी निवडलेला. कामावरून काढले, पदावनत केले किंवा बढतीत डावलले, तर शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येते. उशिराचे सबळ कारण असेल तर ते ऐकले जाते, पण त्या भरवशावर राहू नका. आदेश हातात पडेल त्या दिवशी पोच देताना सहीखाली तारीख घाला.

आणि राजीनाम्याबद्दल. नेमणुकीच्या वेळीच कोऱ्या तारखेचा राजीनामा लिहून घेण्याची चाल काही ठिकाणी होती, हे आपण सगळे जाणतो. कायदा सांगतो, की राजीनामा दोन प्रतींत लिहावा, दोन्हींवर सही आणि तारीख घालावी, एक प्रत रजिस्टर टपालाने संस्थेकडे पाठवावी आणि दुसरी आपल्याजवळ ठेवावी. बिनतारखेच्या कागदावर सही मागितली, तर हे कलम समोर ठेवा आणि तारीख घातल्याशिवाय लेखणी उचलू नका.